पायाखालच्या खडकाचं वय

किस्से मुद्दाम कोणी गोळा करत नाही. गहू निवडताना खडे बाजूला ठेवत जावं, तसे ते साठत जातात. आमच्या सास्तूरच्या घरात तर मुक्ता, म्हणजे माझी लेक, खडेच घेऊन येते! दगडांचं वय काढण्यावर तिची पीएचडी चालू आहे. आपल्या भागातल्या काळ्या दगडाच्याही खाली, फार खोलवर ग्रॅनाइट आहे. बोअरमधून निघालेला त्याचा एकच गोल तुकडा तिला मिळाला, आणि सगळी पीएचडी त्याच्यावर. मी लगेच मंगळवार धरले. आई तुळजाभवानी, एवढं पार पाड.

*

दगड कुटून त्यातले झिरकॉन नावाच्या खनिजाचे बारीक कण मायक्रोस्कोपखाली एकेक वेचायचे, हे मुक्ताचं काम. मी म्हटलं, "घरात मूठभर तांदूळ निवड म्हटलं तर तुझे डोळे दुखतात!"

सासूबाई म्हणाल्या, "आपले तांदूळ लई मोठे पडत्यात, तिला दिसत न्हायत!"

*

यजमानांनी विचारलं, "दगडाची जन्मतारीख कळते कशी गं?"

"बाबा, झिरकॉन जन्मताना युरेनियम आत घेतो, शिशाला दार बंद. पुढं त्या युरेनियमचंच सावकाश शिसं होतं. दोन्ही मोजायचं."

"म्हणजे दूध किती उरलं, दही किती झालं, त्यावरनं विरजण कधी लावलं ते सांगायचं!"

"बाबा, व्हायवाला तुम्हीच बसा!"

*

एकदा प्रयोगशाळेत जाता जाता मुक्ता तो तुकडा घेऊन मुक्कामाला आली. मी तो देवीपुढं ठेवला. सकाळी शेजारच्या शांताकाकू आल्या. देवीसमोर गोल, गुळगुळीत दगड! त्यांनी भक्तिभावानं त्याला भरभरून शेंदूर फासला.

मुक्ता किंचाळलीच. "काकू! शेंदूर म्हणजे शिसं! मी तेच मोजणार होते!"

काकूंनी हात जोडले. "मग पावला की देव! आधीच दिलं!"

कोणीच हसलं नाही. दुसरा तुकडा नव्हता.

*

मुक्तानं रडतच सरांना फोन लावला. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नारळ नाही ना फोडला त्याच्यावर?"

"नाही सर."

"मग रडू नकोस. वरची साल कापून टाक, आतला गाभा घे. कण नीट धुऊ. त्यांच्या पोटात कोंडलेलं शिसं शेंदराला थोडंच भेटलंय?"

मी मंगळवार चालूच ठेवले.

*

वय निघालं. मुक्ता पेढे आणि उरलेला तुकडा घेऊन आली. "आजी, आपल्या पायाखालचा खडक अडीचशे कोटी वर्षांचा आहे!"

सासूबाईंची धाकटी लेक कुसुम त्र्याण्णवच्या भूकंपात गेली, नुकतीच शाळेत जाऊ लागलेली. तिचं नाव त्या कधी घेत नाहीत. त्यांनी पेढा बाजूला ठेवला, तुकडा मागून मांडीवर घेतला आणि त्याच्यावरून हात फिरवला.

"एवढी वर्षं निजून होतास," त्या दगडाला म्हणाल्या, "अजून जरा दम धरायचा न्हाय का रं? माझी कुसुम नांदाय गेली असती."