चाळीस चिठ्ठ्या
रसवंतीमागच्या चिपाडांचा आंबूस वास आला की मला साखर कारखान्याचा बैलगाड्यांचा अड्डा आठवतो. बहात्तरच्या दुष्काळानंतर दोनेक वर्षांनी मी पलूसकडच्या एका कारखान्यात कारकून होतो. ऊस तोडायच्या चिठ्ठ्या आमचं शेती खातं द्यायचं आणि आलेला ऊस गाळायचं काम दुसऱ्या खात्याचं. एका सकाळी गाळपाकडचा शिपाई सांगून गेला, मशीन मोडलंय, दोन दिवस तोड थांबवा. पण लेखी काही नव्हतं, आणि आमच्या साहेबांना रोज चाळीस चिठ्ठ्या गेलेल्या लागायच्या. मी चाळीसच्या चाळीस फाडून वाटल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी अड्ड्यात भरलेल्या गाड्या उन्हात तशाच उभ्या होत्या. बैलांपुढचं वाढं, म्हणजे उसाच्या शेंड्यांचा चारा, संपलं होतं. ऊस वाळून वजन घटत होतं, आणि तोडकऱ्यांची मजुरी वजनावर. गाडीच्या सावलीत भाकऱ्या थापणाऱ्या एका तोडकरी बाईनं मला विचारलं, "भाऊ, मशीन बंद हाय हे तुमाला म्हाईत व्हतं का वो?" मी म्हणालो, "न्हाई बा. आमाला कोण सांगतंय?" तिला ते लगेच पटलं. "आवं, मग तुमी तरी काय करणार," म्हणत तिनं गाळपवाल्यांना शिव्या घातल्या आणि तव्यावरची गरम भाकरी चटणी घालून माझ्या हातावर ठेवली. मी ती उभ्याउभ्या खाल्ली. पुढं मी शेती खात्याचा साहेब झालो, दोन्ही खात्यांना रोज सकाळी एकत्र बसवायला लागलो, निवृत्तीला त्याबद्दल माझा सत्कारही झाला. भाषणात मी मोडलेल्या मशीनचं सांगितलं, उभ्या गाड्यांचंही सांगितलं. भाकरीचं मात्र सांगितलं नाही.