आंधळी मांजर आणायला वालूरहून पोखर्णीला

उंदरांनी बियाण्याच्या सोयाबीनची तीन पोती फोडली तेव्हा मी ठरवलं, मांजर आणायचं. औषध ठेवावं तर अंगणात कोंबड्या. गावातली मांजरं दूधभाताला सोकावलेली, उंदीर दिसला की तोंड फिरवतात. सून मोबाइलमध्ये बघून म्हणाली, "आत्या, पोखर्णीजवळ एक बाई हाय. टाकून दिलेली मांजरं सांभाळती आन घर बघून देती." म्हटलं बरं झालं, नरसिंहाचं दर्शनही होईल.

जाणाऱ्यांसाठी वाट सांगते. वालूरहून सकाळच्या एसटीने सेलू, सेलूहून परभणी, तिथून गंगाखेडकडची गाडी. पंच्याहत्तरी ओलांडली असेल तर तिकीट नाही, पण आधार कार्ड हाताशी ठेवा. कंडक्टरला माझं वय पटलं नाही. ते कौतुक समजायचं की संशय, मी विचारलं नाही. परभणीच्या स्टँडबाहेर मुरमुऱ्यांची सुशीला खाल्ली. मिरची भरपूर, शेंगदाणे नावाला. पुढच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी कापूस फुटलेला, आणि मधे खड्डे असे की कंबरेचा एकेक मणका मोजून घ्यावा.

पोखर्णीला नरसिंहाच्या देवळात गाभाऱ्याचं दार बुटकं आहे, वाकूनच जावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांनी बाहेरूनच हात जोडावेत, देव समजून घेतो. बाहेर पडून ऑटोवाल्याला नुसतं "मांजरवाली बाई" म्हटलं. त्याने पत्ता विचारला नाही.

बाईंचं आडनाव वाघमारे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेल्या. मी म्हणलं, "नावात वाघ मारायचा आन घरात त्याच्या मावशीची चाकरी करायची?" त्या म्हणाल्या, "आजी, हे ऐकून ऐकून कान किटले. नवीन काही असेल तर सांगा."

मला बाई तिथंच आवडली.

शेतात पत्र्याचं शेड. जुन्या साड्यांच्या झोळ्या, कुठं खोकी, कुठं उलटी टोपली. पंधरा मांजरं. एकाला पाय तीन, एकीचं शेपूट जळालेलं, एक म्हातारा बोका दात नसलेला, त्याला बाई भाकरी दुधात कुस्करून बोटाने भरवत होत्या. भिंतीवर खडूने लिहिलेलं, कुणाला कोणतं औषध, किती वाजता. अक्षर असं की फळा पुसू नये वाटावं. आणि वास नाही. मी जन्मभर म्हशी सांभाळल्यात. वास येऊ न देणं म्हणजे दिवसातून किती वेळा कंबर वाकवणं, ते मला कुणी शिकवू नये.

मी म्हणलं, "एक चांगली शिकारी मांजर द्या," आणि पिशवीतून घरचं पोतं काढून झटकून खाली टाकलं.

शेड रिकामं झालं. खाटेखाली, पत्र्यामागं, लाकडांत, जिथं फट दिसेल तिथं मांजरं शिरली. दात नसलेला बोकासुद्धा पळाला. बाईंचा चेहरा उतरला.

"आजी, ते आत ठेवा. यातली बहुतेक पोत्यातनंच आलीत. तोंड बांधून रस्त्याच्या कडेला टाकलेली."

आमच्याकडे मांजर नेताना पोत्यातच घालतात. तिला रस्ता दिसला तर ती माघारी येते म्हणून. आणायची असो की टाकायची, पोतं एकच. मीही दोनदा बांधलंय. सासू म्हणाली म्हणून मी तोंड बांधलं, बाजाराच्या गाडीत ठेवलं. पुढं त्या मांजरांचं काय झालं ते मी विचारलं नव्हतं. हे बाईंना सांगितलं. खोटं बोलून मांजर न्यायची नव्हती.

मी पोतं घडी घालायला वाकले, तर त्यावर एक मांजर बसलेली. राखाडी, दोन्ही डोळे मिटलेले. तिला पोतं दिसलंच नव्हतं. नाक खुपसून एका कोपऱ्याला नखं मारत होती. त्याच कोपऱ्यात उंदरांनी घर केलं होतं.

"हीच द्या," मी म्हणलं.

"ती आंधळी आहे, आजी. पिल्लू असताना डोळे आले, ते गेलेच. दोनदा दिली, दोनदा परत आणून घातली. मागच्या वेळी सहा दिवस जेवली नाही, सलाइन लावावं लागलं. पुन्हा परत आली तर वाचायची नाही."

मग चौकशी सुरू झाली. घरात कोण कोण? कुत्रं आहे का? विहिरीला कठडा आहे का? पंधरा दिवस एकाच खोलीत ठेवाल का? खाण्याची वाटी, पाण्याचं भांडं, जागचं हलवायचं नाही, ती पावलं मोजून चालते.

"सून आणताना एवढं इचारलं न्हवतं मी."

"विचारायला पाहिजे होतं," बाई म्हणाल्या.

पोत्यातून न्यायची नाही ही शेवटची अट. बाईंनी झाकणाची टोपली दिली, वर त्यांचीच जुनी ओढणी, तिला ओळखीचा वास राहावा म्हणून.

परतीच्या गाडीत कंडक्टरने टोपलीत डोकावून पाहिलं. "मावशी, हिचं तिकीट?"

"आंधळी हाय."

"मंग सवलत बसती. कार्ड दाखवा तिचं." आणि हसत पुढं गेला.

दिवस मावळता घरी पोचले. खरं सांगते, ती जेवली नाही. पहिला दिवस नाही, दुसरा नाही. कोपऱ्यात तोंड करून बसलेली. मुलगा म्हणाला, "आई, देऊन ये." मी म्हणलं, "तुला देऊन येते." पण मनात मीही घाबरले होते. माझ्या हट्टापायी मुका जीव जायचा. बाईंचा फोन रोज संध्याकाळी यायचा. उंदीर मारला का, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. एवढंच विचारायच्या, "जेवली का?"

तिसऱ्या दिवशी मी, बाई त्या म्हाताऱ्या बोक्याला भरवत होत्या तशी, भाकरी दुधात कुस्करली आणि बोटावर घेऊन तिच्या नाकाशी धरली. लय वेळ. हात भरून आला, शिव्याही दिल्या. मग चाटली. खरखरीत जीभ, कानसच जणू. वाटीभर संपवली आणि माझ्या मनगटाला नख मारलं.

आता महिना झाला. खोली सोडून घरभर फिरते, उंबरा कुठं आहे ते तिला पाठ आहे. उंदीर रात्री किती मारते ठाऊक नाही, सकाळी शेपट्या सापडतात.

काल बाईंचा फोन आला. "जेवली का?"

"जेवली. तुमी जेवलात का?"

बाई म्हणाल्या, "नाही अजून. ह्या चौदांचं झालं की बसते."

मी म्हणलं, "आधी ताट वाढून घ्या. मी फोन धरून बसते."