इंटरवलपर्यंतचा हिरो

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. चार माणसं वर्षानुवर्षं एकाच बाकावर चहा पीत बसली, की गॅरेजच्या कोपऱ्यात जुने टायर साचावेत तसे ते साचत जातात. आमचं गॅरेज जालना रोडच्या मागं, रफिकभाईचं. बाकावर आम्ही चौघं: रफिकभाई, गणिताच्या शिकवण्या घेणारे देशमुख सर, पाण्याचा टँकर चालवणारा करमाडचा भाऊसाहेब आणि मी.

चौघांना व्यसन एकच. एका उडणाऱ्या हिरोचे इंग्रजी पिक्चर हिंदीत यायचे. त्याचं नाव लांबलचक होतं, म्हणून आम्ही त्याला ‘उड्या’ म्हणायचो. प्रत्येक भाग एकत्र बघायचा आणि दुसऱ्या दिवशी बाकावर बसून सगळ्या भागांचे नंबर लावायचे. नियम सरांनी घातलेला: ज्यानं पिक्चर पूर्ण बघितला त्यानंच बोलायचं, आणि न बघितलेल्याला शेवट सांगायचा नाही.

*

पहिला भाग आला तेव्हा जायकवाडी धरणात चिखल उरला होता आणि शहर मात्र बायपासच्या पलीकडं पसरत चाललं होतं. नव्या कॉलन्यांमध्ये नळ होते, पाणी नव्हतं. इंटरवलला भाऊसाहेबचा फोन वाजला आणि तो टँकर घेऊन गेला. त्या वेळी उड्या समुद्राच्या तळाशी साखळदंडात पडला होता.

दुसऱ्या दिवशी नंबर लावताना भाऊसाहेबनं तोंड उघडलं, तर सर म्हणाले, “अर्ध्या पेपरला मार्क नाहीत.”

घरी टीव्हीवर लागेल तेव्हा बघ, असं मी सुचवलं. तो म्हणाला, “एवढं उडणारं माणूस त्या खोक्यात मावतंय व्हय?”

*

दुसऱ्या भागात उड्या पहिल्याच मिनिटाला ढगातून आला. भाऊसाहेब भर थिएटरात उभा राहिला. “आरं, हा तर बुडालता ना!” मागच्या रांगेतून चारपाच जणांनी त्याला खाली बसवलं.

इंटरवलला उड्याचे दोन्ही हात निकामी झाले आणि भाऊसाहेबचा फोन वाजला. जाता जाता तो हळूच मला म्हणाला, “लई दुर्दैवी माणूस हाय. एकदा तरी जिंकलाय का ह्यो?”

नियम म्हणजे नियम. शेवट सांगायचा नाही.

*

नंबर लावण्यावरून सर आणि रफिकभाई यांचं कधी जमलं नाही. सरांना तिसरा भाग आवडायचा, कारण त्यात उड्या वळताना वेग कमी करतो. रफिकभाईंचा पहिला नंबर कायम दुसऱ्या भागाला, कारण त्यातल्या मोटारसायकलीचा आवाज खरा होता.

सरांनी एकदा अर्धा तास हवेचा रोध समजावून सांगितला. रफिकभाई स्पार्क प्लग पुसत म्हणाले, “सर, तुम पिक्चर देखते के पेपर जांचते?”

भाऊसाहेबला बोलायची परवानगी नव्हती. तरीही त्याचं मत आम्हाला कळलंच. त्याला सगळ्या भागांतले व्हिलन आवडायचे. “कामाची माणसं हायती. एकाचंबी काम अडलेलं पाह्यलं नाय मी.”

*

चौथा भाग नव्या मॉलमध्ये लागला. गार हवा, मऊ खुर्च्या. या वेळी भाऊसाहेबनं तयारी केली होती. खेपा सकाळीच संपवल्या, फोन बंद केला आणि रफिकभाईंच्या खिशात टाकला. इंटरवलला पॉपकॉर्नचा डबा मांडीवर घेऊन तो राजासारखा बसला.

तेवढ्यात टाय लावलेला एक माणूस रांगारांगांतून आला. “बाहेरचा टँकर कुणाचा आहे?”

मॉलच्या बाथरूममधलं पाणी संपलं होतं.

*

पाचवा भाग शेवटचा, असं पोस्टरवरच लिहिलं होतं. भाऊसाहेब आठवडाभर नीट जेवला नाही. बाकावर तो एकदाच म्हणाला, “आता नाय झालं तर मंग कधीच नाय.”

इंटरवलला फोन आला. बायपासपलीकडच्या कॉलनीत ड्रम रांगेत लागले होते. भाऊसाहेब उठला, तसा रफिकभाईंनी त्याच्या हातातून चावी काढून घेतली. तरुणपणी त्यांनी ट्रक चालवला होता. “तू बैठ. हम देख लेते.” सर आणि मी पाइप धरायला निघालो.

कॉलनीपर्यंत सगळं व्यवस्थित झालं. टँकर मागं घेताना सर खाली उतरून हात करत होते, “अजून दोन फूट येऊ द्या.” सरांचं गणित बरोबर असेल, पण नव्या जलवाहिनीसाठी खणलेला चर त्यांच्या पाठीमागं होता. मागचं चाक त्यात गेलं आणि टँकर तिरका होऊन बसला. पाइप पोचेना. बायांनी साखळी केली आणि बादल्या हातोहात पुढं सरकू लागल्या. सरांच्या पँटचा पार चिखलकाला झाला.

पिक्चर सुटल्यावर भाऊसाहेब रिक्षानं आला. त्यानं टँकरकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं. आता शिव्या बसणार म्हणून आम्ही माना खाली घातल्या. तो मातीच्या ढिगावर बसला.

“बसा,” तो म्हणाला. “आज मी बोलणार. अर्धं पाह्यलेल्यांनी गप ऱ्हायचं.”

आणि त्यानं इंटरवलपासून सगळं सांगितलं. उड्या कसा उठला, आगीतून कसा गेला, अख्खं शहर त्यानं एका हातावर कसं तोलून धरलं. सांगताना तो दोनदा ढिगावर उभा राहिला. ड्रम भरले होते, तरी एकही बाई घरी गेली नाही.

शेवटी कोपऱ्यावरच्या सुमनमावशी म्हणाल्या, “सगळं खरं, पण त्या शहरात पाणी कितव्या दिवशी येतंय?”

भाऊसाहेबनं तिरक्या टँकरकडं बघितलं.

“मावशी, अख्ख्या पिक्चरात एकबी टँकर दिसला नाय. रोज येत असंल.”

“रोज?” मावशींनी रिकामी बादली उचलली. “मंग वाचवायचं काय ऱ्हायलं व्हतं?”