हुच्चांचा विषय शिकवताना

म्हैसूरच्या एका पीयू कॉलेजात, म्हणजे तुमच्या अकरावी-बारावीला, मी सव्वीस वर्षं मानसशास्त्र शिकवलं. आता घरी कपाट आवरायला घेतलं की प्रॅक्टिकलच्या जुन्या वह्या निघतात, वही उघडली की किस्सा निघतो, आणि कपाट तसंच राहतं!

*

पहिल्याच वर्षी एक शिंपीकाका मुलीच्या ॲडमिशनला आले. घरी आमच्यासारखंच कानडी मिसळलेलं मराठी.

“बाई, पोरगी हुशार आहे माझी. तिला हा हुच्चांचा विषय कशाला?”

कानडीत हुच्च म्हणजे वेडा. मी म्हटलं, “काका, यात शहाण्या माणसांचं मनसुद्धा शिकवतात.”

काका विचारात पडले. “अय्यो! शहाण्यांना काय झालं मग?”

याचं उत्तर सिलॅबसमध्ये नव्हतं!

*

स्मरणाचा प्रयोग असा : निरर्थक शब्द वाचून दाखवायचे आणि अर्ध्या तासाने किती आठवतात ते मोजायचं. सविताने आपल्या मामांना बसवलं. मामा हुणसूरच्या बसवर कंडक्टर, ड्यूटीवरून खाकी शर्टातच आलेले. त्यांनी सगळे शब्द ओळीने म्हटले. मग उलटे म्हटले!

सविता रडवेली. “मिस्, वहीत विसरण्याचा आलेख काढायचाय. मामा विसरतच नाहीत!”

मामा शांतपणे म्हणाले, “मी विसरलो तर लोक भलत्याच गावात उतरतील की, मॅडम!”

*

प्रकाश म्हैसूरच्याच गोकुलम भागातला. चिंता मोजायच्या प्रश्नावलीसाठी त्याने योग शिकायला आलेला एक परदेशी पाहुणा गाठला. घाम फुटतो का, छाती धडधडते का, असले प्रश्न.

“काय निघालं रे?” मी दुसऱ्या दिवशी विचारलं.

“त्यांना काहीच होत नाही, मिस्. इंग्लिशमध्ये विचारताना मला मात्र सगळं झालं!”

*

एकदा पेपरात विचारलं होतं : एखाद्या खुणेची मनाला सवय कशी लागते? स्वतःचं उदाहरण द्या.

एकीने लिहिलं, “मिस् चष्मा पुसून शिकवायला लागतात. आम्हाला जांभई येते. आता घरी आजोबांनी चष्मा पुसला तरी जांभई येते.”

पूर्ण मार्क दिले. तेव्हापासून चष्मा मात्र स्टाफरूममध्येच पुसून जायला लागले!

*

आणि शोभा. मागच्या बाकावरची, अबोल. कडकोळच्या कारखान्यातली नोकरी गेल्यापासून तिचे वडील घरात कुणाशी बोलत नव्हते. सहा महिने झाले होते. हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं होतं; शोभाने कधी सांगितलं नाही.

त्या आठवड्यात मी वर्गाला काम दिलं : घरातल्या एका माणसाचं बोलणं पंधरा मिनिटं ऐका. मध्ये तोंड घालायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. जे ऐकाल ते वहीत लिहून आणा.

शोभाची वही उघडली. वर लिहिलं होतं, ‘अप्पा’. खाली पान कोरं.

“शोभा, हे काय?”

“मिस्, अप्पा काहीच बोलले नाहीत. तुम्ही मध्ये बोलायचं नाही म्हणालात, म्हणून मीपण नुसती शेजारी बसले. पंधरा मिनिटं.”

“बरं. मग?”

तिने वही स्वतःकडे ओढली. पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

“सोळाव्या मिनिटाला अप्पांनी विचारलं, ‘जेवलीस का?’ मिस्, वेळ संपल्यानंतरचं लिहिलं तर चालेल?”