शनिवारचं लोखंड

शनिवारी आमच्या घरात लोखंड येत नाही. हा नियम माझ्या सासूचा. सासू गेली, नियम राहिला.

नियम साधा आहे. शनिवारी आणलेली लोखंडाची नवी वस्तू उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही. शेजारी ठेवायची आणि रविवारी सूर्य उगवल्यावर घरी आणायची. एकदा आमच्या ह्यांनी नियम मोडून शनिवारी विळा आणला, तर आठ दिवसांत म्हैस आटली. (म्हैस म्हातारी झाली होती, असं हे म्हणतात. असेल.) तेव्हापासून मी कोणाचं ऐकलं नाही. माझ्या मुलाची, संजयची, नवी मोटारसायकल एक दिवस शाळेच्या आवारात उभी राहिली. सुनेच्या माहेरून कुकर आला तो शनिवारीच.

"आई, हा ॲल्युमिनियमचा हाये," सून म्हणाली.

"अन् दांड्याचा स्क्रू?"

ती पंधरावी शिकलेली आहे, मी चौथी. पण कुकर तिनेच उचलून शेजारी नेऊन ठेवला.

मागच्या साली ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. दर्यापूरच्या डॉक्टरने कार्डिओग्राम काढला आणि चहाही न पिता अमरावतीला पाठवलं. (आम्ही चहा विचारला होता.) अमरावतीचा डॉक्टर तरुण होता, पुण्याकडचा. आमच्याशी इतका हळू बोलायचा की मला आधी वाटलं, ह्यांचं काही खरं नाही. त्याने कागदावर पेनाने शीर काढून दाखवली.

"आजी, इथे शीर जवळजवळ बंद आहे. आपण बारीक तारेवरून फुगा नेऊन ती उघडू आणि तिथे स्टेंट बसवू. चालेल ना?"

आमच्याकडे संत्र्याची झाडं आहेत. ठिबकची नळी चोंदली की आम्ही तार घालतो, कचरा काढतो, तार घेऊन घरी येतो. तार नळीत ठेवून कोणी येत नाही. ह्यांचंही तसंच करणार, असं मी धरून चालले.

"घाला," मी म्हटलं.

तो गुरुवार होता. सगळं नीट पार पडलं. घरी सोडताना डॉक्टरने दोन गोष्टी बजावल्या. रक्त पातळ करायची गोळी एकदाही चुकवायची नाही, चुकली तर शीर पुन्हा बंद पडेल आणि मग काही खरं नाही. दुसरं म्हणजे, आजोबांना निदान महिनाभर राग येऊ द्यायचा नाही. दुसरी गोष्ट ऐकून संजयने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

घरी सोडलं तो शनिवार होता. पण माणूस काही लोखंडाचा नसतो, म्हणून मी निवांत होते. गाडी अमरावतीहून निघाली. गाव दोन कोसावर राहिलं तेव्हा संजयने खिशातून एक कार्ड काढलं.

"माय, हे नीट ठेवजो. बाबाच्या जाळीचं कार्ड हाये."

"कोणती जाळी?"

"शिरेत बसवली ते. स्प्रिंगसारखी असते."

"बसवली म्हणजे? आतच ठेवली?"

"मंग! जन्मभर राहाते ते."

"कायची हाये?"

"कायची म्हणजे? धातूची."

मी ड्रायव्हरला म्हटलं, "गाडी थांबव, बापू."

संजयने कपाळाला हात लावला. त्याला समजलं होतं. ह्यांनाही समजलं होतं, कारण ते मागच्या सीटवर आडवे पडल्या पडल्या छतालाच म्हणाले, "बुढी म्हसनात नेईन मले, पण शनिवारी घरात घेनार नाई."

"माय, बाबा काय कुकर हाये?"

"कुकरले एक स्क्रू होता. ह्यायच्या तर काळजात लोखंड हाये!"

"मले राग येऊन राह्यला," हे म्हणाले. लगेच छातीवर हात ठेवला आणि डोळे मिटले. "नाई, नाई येऊन राह्यला." डॉक्टरची दुसरी गोष्ट मला अशी उपयोगी पडली. चाळीस वर्षांत प्रथमच माझ्यासमोर कोणी वाद घालायला शिल्लक नव्हतं.

आता ठेवायचं कुठं? मोटारसायकलसारखं शाळेच्या आवारात ठेवता येत नव्हतं. देवळाच्या फरशीवर नुकत्याच दवाखान्यातून आलेल्या माणसाला निजवता येत नाही. डाव्या अंगाचे शेजारी लग्नाला अकोल्याला गेले होते, दाराला कुलूप. समोरच्या घरी बाळंतीण होती. दार उघडं होतं ते एकच, उजव्या अंगाचं, वामनरावांचं.

वामनराव आणि आमचे हे अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. धुऱ्यावरून भांडण होतं. दोन वावरांच्या मधला बांध, त्यातली दोन हात जागा. त्या जागेत गवताशिवाय काही उगवत नाही. पण दोघांनी मिळून एवढ्या तारखा केल्या की तहसीलच्या शिपायाला दोघांच्या चहातली साखर पाठ झाली.

ज्याला राग येऊ द्यायचा नाही असा माणूस मी उचलून नेमका त्याच दारात नेला. लोक मला हट्टी म्हणतात. हट्टी नाही, मी मूर्ख होते, पण ते नंतर कळलं.

वामनराव ओसरीत बाजेवर बसले होते. संजयने बापाला धरून आणलं, मी मागे पिशवी घेऊन. वामनरावांनी आमच्याकडे पाहिलं, ह्यांच्या मनगटावरच्या पट्टीकडे पाहिलं, आणि अकरा वर्षांनंतर पहिला शब्द बोलले.

"किती?"

"एक," हे म्हणाले.

"मले दोन हायेत," वामनराव म्हणाले आणि बाजेवर सरकून जागा करून दिली.

त्यांना दोन जाळ्या बसवून सहा महिने झाले होते. आमच्यात बोलणंच नव्हतं, म्हणून आम्हाला पत्ता नव्हता. ह्यांचा चेहरा पडला. धुऱ्यात बरोबरी होती, इथं ते मागे पडले होते.

वामनरावांची बायको सुमनबाई बाहेर आली. मी नियम सांगितला. ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. नुसतं म्हणाली, "राहू द्या. आमच्या घरात चालते शनिवारी."

ते मला लागलं. जशी काही तिची म्हैस कधी आटलीच नाही!

घरी आले, हातपाय धुतले, आणि पाहते तो गोळ्यांची पिशवी माझ्याच हातात! तशीच पळत परत गेले. सुमनबाईकडे कप्प्याकप्प्यांची डबी होती, सकाळ-दुपार-संध्याकाळ लिहिलेली. तिने ह्यांच्या गोळ्या मागून घेतल्या, कागद वाचून वेगळ्या डबीत लावल्या. मी म्हटलं, "मी देत जाईन ना." ती म्हणाली, "तुमी कायले त्रास घेता? मी यायले देतोच, त्यायलेही देईन."

रविवारी सूर्य उगवला. मी भाकरतुकडा ओवाळायला घेऊन वामनरावांच्या दारात उभी राहिले.

"चला."

हे उशीला टेकून ताक पीत होते. "आज नाई."

"काहून?"

"डॉक्टरनं आराम सांगितला. इथं आराम हाये."

भाकरतुकडा मी कुत्र्याला टाकला आणि घरी आले.

खरी फजिती त्यानंतर सुरू झाली. आमच्याकडे माणूस दवाखान्यातून आला की सारा गोतावळा भेटायला येतो. येताना शहाळं नाहीतर केळी आणतो, अन् जाताना कोणीतरी असाच आजारी होता आणि कसा मेला, ते सांगून जातो. त्या दिवशी सगळे आधी माझ्याकडे आले.

"कुठं हायेत?"

"बाजूले."

"बाजूले?" असं म्हणून लोक भुवया वर करायचे आणि बाजूला जायचे. माझ्या माणसाला भेटायला आलेली माझी माणसं सुमनबाईच्या ओसरीत बसून सुमनबाईचा चहा पीत होती. शहाळी तिकडे. केळी तिकडे. कोण कसं मेलं तेही तिकडेच. माझ्याकडे नुसत्या चपला उरल्या, कारण चपलांना सावली माझ्या दारात होती.

दुपारी अकोल्याहून माझी नणंद शांताबाई आली. तिने भावाला शेजारच्या घरात पाहिलं, आणि रडायच्या तयारीने आली होती ते सगळं माझ्यावर काढलं.

"वयनी! माह्या भावाले घराबाहेर काढलं?"

"काढलं नाई बाई. ठेवलं."

"भाऊ काय पेंडीचं पोतं हाये ठेवाले?"

"नियम तुमच्या मायनंच घातला."

"माय होती तवा काळजात जाळ्या होत्या का?"

तेवढ्यात संजय फोन ठेवून आला. त्याने दवाखान्यात विचारलं होतं. "माय, ते लोखंड नाहीच. दुसराच धातू हाये. चुंबकही चिकटत नाही म्हणते."

शांताबाईने माझ्याकडे पाहिलं. मी संजयला बाजूला घेतलं.

"बापाले सांगू नको," मी म्हटलं.

सोमवारी सकाळीही हे आले नाहीत. संध्याकाळी मी भाकरी थापत होते, आणि भिंतीपलीकडून आवाज चढला. आधी वामनरावांचा, मग ह्यांचा. "धुरा" हा शब्द मी अकरा वर्षं ऐकत आले आहे, भिंतीतूनही ओळखते. तव्यावरची भाकरी तशीच सोडली आणि पिठाच्या हातांनी, अनवाणी धावले. डॉक्टरचं बोलणं डोक्यात घणासारखं वाजत होतं. राग येऊ द्यायचा नाही. मीच नेऊन ठेवलं होतं. उद्या ह्यांना काही झालं, तर अख्खं गाव म्हणणार, बुढीने लोखंडासाठी नवरा घालवला. आणि गाव पहिल्यांदाच खरं बोलणार.

ओसरीत दोघं समोरासमोर. दोघांचे चेहरे लाल. वामनराव हात हवेत उंच करून, हे बाजेवर गुडघे टेकून.

मी मधे उभी राहिले.

"भाऊजी," मी म्हटलं, "धुरा तुमचा. दोनही हात तुमचे. उद्या तहसीलले जाऊन लिहून देतो. पण माहा माणूस मले वापस द्या."

सुमनबाई दारात आली. मला धाप लागली होती, म्हणून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. (धापच होती.)

हे बाजेवर हळूच खाली बसले. "बुढे," ते म्हणाले, "आमचं आत्ताच मिटलं होतं. एक हात त्याचा, एक हात आपला."

"मंग बोंबलत काहून होते?"

"तठी लिंबू लावायचं का बोर, हे ठरवून राह्यलो होतो!"

वामनरावांनी हवेतला हात खाली आणला. तो बोरीची उंची दाखवत होता. "पण वयनीनं आता दोन हात देल्ले," ते गंभीरपणे म्हणाले. "वयनीच्या शब्दाले मान हाये. मी नाई म्हणत नाई."

अशा रीतीने जे अकरा वर्षांत तहसीलला जमलं नाही ते मी अर्ध्या मिनिटात केलं, आणि तेही आमच्या विरुद्ध. माझी भाकरी मात्र जळून गेली. हे त्याच संध्याकाळी घरी आले. येताना सुमनबाईने गोळ्यांची डबी बरोबर दिली. एकही गोळी चुकली नव्हती.

धुऱ्यावर वामनरावांनी कलमी बोर लावली आहे, पहिल्याच साली धरली. आम्हाला बोरं पाठवतात. आंबट आहेत.

या साली माझ्याच छातीत दुखलं. तीच अमरावती, तोच हळू बोलणारा डॉक्टर. "आजी, ओळखलं का?" म्हणाला. माझ्या शिरेत जाळी बसवली. एकच. आणि घरी सोडलं तो वार कोणता असावा?

गाडी दारासमोर आली. मी उतरायला पाय काढला, तर हे उंबऱ्यात दोन्ही हात आडवे लावून उभे.

"आज शनिवार हाये," हे म्हणाले.

"अवो, ते लोखंड नसते! चुंबक चिकटत नाही. संजयनं तवाच दवाखान्यात विचारलं होतं!"

"मले माहीत हाये. वामननं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्याले दोन हायेत ना."

"मंग तीन दिवस तिकडं काहून राह्यले?"

"नियम तो नियम," हे म्हणाले आणि दार लोटलं.

मला राग आला. डॉक्टरने येऊ देऊ नका म्हटलं होतं, म्हणून परत पाठवला. हे सगळं मी सुमनबाईच्या ओसरीत, वामनरावांच्या बाजेवर बसून लिहीत आहे. आज रविवार. सूर्य केव्हाच उगवला आहे. हे मघाशी भाकरतुकडा घेऊन दारात आले होते.

मी म्हटलं, आज नाई.