जीन्सच्या रॅकवरची जेगिंग

"वापरलेला माल रिटर्न होत नाही, बाई," शेठ म्हणाले.

काउंटरवर ठेवलेली ती जेगिंग मी लांबूनच ओळखली. गडद निळी. गुडघ्याच्या वर करंगळी जाईल एवढं भोक, आणि भोकाच्या कडा काळ्या, कडक झालेल्या. तीन आठवड्यांपूर्वी ती मीच विकली होती.

"रिटर्न नाय करायची," बाई म्हणाल्या. "पोरगी भाजली माझी."

मी नाशिकला मेन रोडवरच्या एका कपड्यांच्या दुकानात लेडीज सेक्शनला काम करते. सकाळी कॉलेज, दुपारपासून दुकान. गाव देवळ्याजवळ. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. त्यामुळे कोणी हुशार म्हटलं की मला फार बरं वाटायचं. या प्रसंगात त्याचा संबंध आहे, म्हणून सांगते.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: जेगिंग म्हणजे जीन्ससारखी दिसणारी लेगिंग. रंग डेनिमचा, शिवण पिवळ्या दोऱ्याची, पण पुढचे खिसे नुसते दिसायला, हात आत जात नाही. चेन नसते, कमरेला इलॅस्टिक असतं. प्रवासाला, घरी वावरायला चांगली वस्तू आहे. तिच्यात वाईट काही नाही.

आमच्याकडे तिचा बराच स्टॉक पडून होता. मी एक घडी शोधून काढली. इलॅस्टिक आत दुमडायचं, मागचे खरे खिसे वर आणायचे आणि गठ्ठा लेगिंगऐवजी जीन्सच्या रॅकवर ठेवायचा. स्टॉक हलला. शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, "पल्लवीकडून शिका जरा." मग बाकीच्या मुलीही तशीच घडी घालू लागल्या.

त्याच दिवसांत सायखेड्याहून या, आता काउंटरपाशी उभ्या असलेल्या मावशी मुलीला घेऊन आल्या. मुलगी कोमल, आयटीआयला नुकतीच लागलेली. "वर्कशॉपला जीन्स पाहिजे," ती म्हणाली. आधी तिने खरी जीन्स घालून पाहिली.

"आई, यात खाली बसताच येत नाही."

मी गठ्ठ्यातली जेगिंग काढून दिली. ती घालून ट्रायल रूममधून बाहेर आली, दोनदा उकिडवी बसली, उठली आणि हसली.

"सुती हाय ना, ताई?" मावशींनी विचारलं.

"जीन्सच आहे, मावशी. स्ट्रेचची."

विचारलं त्याचं उत्तर मी दिलं नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. नव्या मालाला टॅग मीच लावायचे. आतल्या शिवणीतलं लेबल रोज डोळ्यांखालून जायचं. पॉलिस्टर जास्त, सूत नावाला.

कोमलचा ट्रेड वेल्डरचा होता. वर्कशॉपचा अंगभर जाड कापडाचा बॉयलर सूट शिवून यायला वेळ होता, तोवर जाड सुती जीन्स घाला, असं तिच्या सरांनी सांगितलेलं. हे मला आता काउंटरपाशी कळत होतं.

"ठिणगी उडली," मावशी सांगत होत्या. "सुती असती तर तेवढ्यापुरती जळाली असती. ही वितळून कातड्याला चिकटली. सर म्हणले, ही जीन्सच नाय."

शेठनी कापड चिमटीत धरून पाहिलं. "मी नवीन जीन्स देतो. तुम्ही काही देऊ नका. झालं?"

"मला कापड नको. तिचे वडील म्हणत्यात, पोरीला हे काम झेपत नाय, नाव काढून टाक. पोरगी रडून रडून बेजार. तुम्ही फकस्त कागदावर लिहून द्या, की कापड चुकीचं दिलं. पोरीची चूक नाय."

"असं लिहून देत नसतं दुकान," शेठ म्हणाले. मग आमच्याकडे वळले. "कोणी दिली होती ही?"

मी हातातल्या टॉपची तिसऱ्यांदा घडी घालत राहिले.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "या ताईंनीच दिली. पण त्यांना कशाला बोलता? शिकणारी पोर हाय, तिला काय म्हायती."

"बघा," शेठ म्हणाले. "तिलाही माहीत नव्हतं."

मी मान हलवली. हो म्हणून. आजवर दुकानात मी जे काही केलं, त्यात या मान हलवण्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मावशींनी जेगिंग पिशवीत घातली आणि पायऱ्या उतरून गेल्या.

पाच मिनिटांनी मी शेठना न विचारता बाहेर पडले. जवळच्या रविवार कारंजा चौकात मावशी रिक्षाची वाट बघत उभ्या होत्या. मी तिथेच वहीचं पान फाडलं, पाठीवरची सॅक मांडीवर घेऊन एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि लिहिलं: कोमलला दिलेली पॅन्ट जीन्स नव्हती. जीन्स म्हणून मी दिली. चूक तिची नाही. खाली पूर्ण नाव, मोबाईल नंबर.

"मावशी, मला माहीत होतं," मी म्हणाले.

"काय म्हायती होतं?"

"कापड सुती नाही ते."

मला वाटलं, त्या ओरडतील. त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला. "माझी पोर तुझ्याच वयाची हाय," एवढंच म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या.

परत येऊन मी सगळा गठ्ठा लेगिंगच्या रॅकवर नेला.

"कोणी हलवला?" शेठनी विचारलं.

"मी."

"मग विक्रीचं टार्गेट पण तूच भर."

कोमलच्या वडिलांचा फोन आला नाही. दीड महिन्याने कोमलच आली, एकटी. वेल्डिंगच्या हातमोज्यांची बोटं बॅगेतून बाहेर लोंबत होती, म्हणजे ट्रेड सुटला नव्हता. मी पुढे झाले. तिने मला ओळखलं आणि शेजारच्या मुलीला म्हणाली, "ताई, तुम्ही दाखवता का?" खरेदी होईपर्यंत मी ट्रायल रूमचा पडदा सारखा करत उभी राहिले.

आता कोणी कपडा मागितला की मी आधी विचारते, घालून काय काम करायचंय. काही गिऱ्हाइकांना हा प्रश्न आवडत नाही.