लाटसाहेबाची परवानगी

मी दौंडची, सून कवठे येमाईची, आणि शिरूरच्या कॉलेजात इतिहास शिकवते. त्यामुळे आमच्या बांधावरच्या त्या दगडाचा मला पहिल्यापासून राग. इंग्रजांच्या काळात तिथं गव्हर्नराचा तंबू पडला होता म्हणे. मेंढरं पुढं न्यायची तर आधी साहेबाला विचारा, असा हुकूम निघाला. साहेब कसला, विलायतेत निवडणूक हरून इकडं आलेला माणूस! मुदतभर मिरवला, परत जाऊन आणखी कुठली कुठली पदं भोगली आणि म्हातारपणी अंथरुणात मेला. हे मी वर्गात शिकवते. पण तो हुकूम मागं घ्यायचा राहूनच गेला. आमची मेंढरं केव्हाच गेली, तरी गावाबाहेर निघताना आबा, म्हणजे माझे सासरे, दगडापाशी थांबायचे. "साहेब, जाऊ का?" वारा हलला, पाखरू बोललं, की निघायचं.

गेल्या उन्हाळ्यात आबांच्या छातीत कळ आली. नवरा रांजणगावला फर्स्ट शिफ्टला, म्हणून मीच गाडी काढली. दगड आला तशी आबांनी दाराला हात घातला.

"थांबीव. इचारल्याबिगर न्हाई जायाचं."

त्यांनी विचारलं. पान हललं नाही. आबा घामानं निथळत, हात जोडून उभेच. भीतीनं माझं डोकं फिरलं. त्यांच्या पाठीमागून मी ओरडले, "जा!" सासऱ्यांना, एकेरीत.

"बोलला," आबा म्हणाले आणि गाडीत बसले. वेळेत पोचलो, म्हणून वाचले.

तेव्हापासून आबा दगडापाशी जात नाहीत. माझ्यापाशी येतात. विचारताना माझ्या तोंडाकडं बघत नाहीत; जरा वर बघतात, माझ्याहून उंच कुणी उभं असल्यासारखं. आधी मला हसू यायचं. मग लक्षात आलं, मी बोलेपर्यंत अंगणातलं लिंबाचं झाडही हलत नाही.

परवा त्यांना तपासणीला न्यायचं होतं. नवऱ्यानं गाडी सुरू केली होती. आबा धुतलेलं धोतर नेसून, चपला घालून दारात आले.

"साहेब, जाऊ का?"

मी "जा" म्हणायला तोंड उघडलं.

"थांब."

आवाज माझाच होता. आबांनी मुकाट्यानं चपला काढल्या आणि आत जाऊन बसले. बाहेर नवरा हॉर्न वाजवत होता.